डिझेलच्या टाकीचं झाकण

दस्तगीर पेंटरकडे दिलेली गाडी वेळेवर परत मिळत नाही, हे मला लातुरात चार जणांनी सांगितलं होतं. तरी दिली. कारण रंग मारावा तर त्यानंच, असंही त्याच चौघांनी सांगितलं होतं.

गाडी म्हणजे शाळेची जुनी मिनीबस. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालो आणि वर्षभरात माझ्या बायकोनं, धम्मप्रियेनं, डोक्यात घेतलं, की लॉजवरचे मुक्काम बास झाले, आता आपलं फिरतं घर करायचं आणि अजिंठ्यापासून बोधगयेपर्यंत निवांत जायचं. मग आतली बाकडी काढली, दोन पलंग बसवले, शेगडीपुरता ओटा केला, टपावर पाण्याची टाकी चढवली. त्यात आणि आरटीओच्या खेट्यांत पाच महिने गेले. राहिला होता फक्त रंग. उभा जन्म शाळेत काढला, आता म्हातारपणी शाळेच्या पिवळ्या गाडीतून हिंडणार नाही, असं मी बजावलं होतं. धम्मप्रियेनं तिच्या आवडत्या निळ्या साडीचा ब्लाऊजपीस रंगाच्या नमुन्याला पिशवीत टाकला आणि आम्ही अहमदपूर गाठलं.

नांदेड रस्त्याला पत्र्याचं शेड, तेच दस्तगीरचं दुकान. साठी उलटलेला, ठेंगणा, कमी बोलणारा माणूस. चाळीस वर्षं गाड्या रंगवतोय, पण कंपनीचं रंगांचं कार्ड त्यानं कधी उघडलं नाही. तो डब्यात रंग कालवायचा, काडीनं एक थेंब डाव्या अंगठ्याच्या नखावर घ्यायचा आणि उन्हात जाऊन नमुना नखाशेजारी धरायचा. जुळेपर्यंत हेच चालायचं. नखावर रंग असला की वजू, म्हणजे नमाजाआधीचं हातपाय धुणं, पुरं होत नाही, म्हणून दर वेळी आधी थिनरनं नख घासून स्वच्छ करायचा आणि परत आला की पुन्हा पहिल्यापासून थेंब. काम मनासारखं झालं, तरच मागच्या दाराखाली बारीक अक्षरात लिहायचा, 'दस्तगीर, अहमदपूर'. नाही झालं तर नाव नाही. अहमदपूर-चाकूर पट्ट्यात गाडी विकत घेणारे लोक वाकून ते नाव बघतात, हे मी स्वतः पाहिलं आहे.

त्यानं पंधरा दिवस सांगितले आणि अडीच महिने लावले. दर आठवड्याला मी एसटीनं जायचो. कधी घासकाम चाललेलं असायचं, कधी पत्र्याचे खड्डे बुजवायची लांबी वाळलेली नसायची, कधी वीज नाही म्हणून कॉम्प्रेसर बंद. मी स्टुलावर बसायचो, चहा प्यायचो आणि संध्याकाळच्या गाडीनं परत यायचो. सुरुवातीला मी भांडलो. मग भांडायचाही कंटाळा आला. घरी धम्मप्रियेनं काही विचारण्याआधीच मी हात हलवून नाही म्हणायचो.

एवढा वेळ का लागतोय, ते त्याच्या बायकोकडून कळलं. एकदा धम्मप्रिया माझ्याबरोबर आली, तेव्हा सुलतानबीनं तिला शेडमागच्या घरात नेऊन सांगितलं, की त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. उदगीरला ऑपरेशनचं शिबिर असतं, स्टँडवरून गाडी नेते. दोनदा नाव नोंदवलं, दोन्ही वेळा हा घरातून नाहीसा झाला. आता येत्या शुक्रवारी तिसरी खेप. आणखी उशीर झाला तर ऑपरेशनचाही उपयोग होणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

मी विषय काढला तेव्हा दस्तगीर पाना पुसत बसला होता. वर न बघता म्हणाला, "गुरुजी, डोळा कापलेल्या पेंटरकडं कोण गाडी आणतंय? लाल, पिवळा कुणीबी मारतंय. निळ्यात डोळ्याची परीक्षा हाय. तुमच्या गाडीला दोन्ही अंगानं निळा जमला, तर डोळे शाबूत हायत. मंग शिबिराला कशाला जाऊ?"

बुधवारी फोन आला, गाडी तयार आहे. आम्ही दोघं गेलो. उजवी बाजू पाहून धम्मप्रिया हरखलीच. साडीचाच निळा, तसूभर फरक नाही. ती भांडी लावायला मागच्या दारानं आत चढली आणि मी गाडीला वळसा घालून डाव्या बाजूला आलो.

डावी बाजू हिरवट होती. वाईट नव्हती, पण निळी नव्हती. उजवी बाजू मारून झाल्यावर पहिला डबा संपला होता, त्यामुळे दोन दिवसांनी त्यानं रंग पुन्हा कालवला होता. डिझेलच्या टाकीवरचं चौकोनी झाकण मात्र सुटं काढून पहिल्याच डब्यातून रंगवलेलं आणि आता डाव्या बाजूला बसवलेलं. हिरवट पत्र्यावर ते निळं झाकण शर्टाला लावलेल्या ठिगळासारखं दिसत होतं. झाकण नसतं तर कदाचित मलाही कळलं नसतं. गाडीच्या दोन्ही बाजू एकदम कुणाला दिसतात?

दस्तगीर माझ्या मागं येऊन उभा राहिला होता. झाकणाकडेच बघत होता आणि त्याला ते दिसत नव्हतं.

"गुरुजी, खरं सांगा. दोन्ही अंगं एकच हायत ना?"

मी हाव म्हणालो. दया आली म्हणून म्हणालो, असं पुढं मी बऱ्याच जणांना सांगितलं, पण ते खोटं आहे. मी थकलो होतो. नाही म्हटलं असतं तर पुन्हा घासकाम, पुन्हा लांबी, पुन्हा ते स्टूल. मला गाडी घेऊन घरी जायचं होतं, एवढंच.

त्याचा चेहरा उजळला. बारीक ब्रश घेऊन तो मागच्या दाराखाली बसला आणि नाव लिहिलं. हात जराही हलला नाही. मग घराकडे तोंड करून त्यानं सुलतानबीला आवाज दिला, शिबिराच्या यादीतून नाव काढायला सांग म्हणून. मी गाडी सुरू केली.

चाकूरच्या अलीकडं डिझेल भरायला थांबलो. पंपावरच्या माणसानं झाकण उघडलं, बंद केलं, पुन्हा बघितलं आणि विचारलं, की हे दुसऱ्या गाडीचं बसवलंय का. धम्मप्रिया खाली उतरली. झाकण बघितलं, डावी बाजू बघितली, मग माझ्याकडे बघितलं.

"तुम्हाला दिसलं होतं?"

मी होकारार्थी मान हलवली.

"मग शुक्रवारी तो जाणार न्हाई," ती म्हणाली, "आणि आंधळा होईल."

मी गाडी वळवली. परतीच्या वाटेवर मला इतकी लाज वाटत होती, की पंचवीस किलोमीटर संपूच नयेत असं वाटलं.

दस्तगीर शेड झाडत होता. मी स्क्रूड्रायव्हर मागितला, झाकण काढलं आणि डाव्या बाजूच्या पत्र्यावर टेकवून धरलं. दोन निळे वेगळे आहेत, सकाळीच दिसले होते, मी खोटं बोललो, असं सांगितलं. तो जवळ आला. नाक पत्र्याला लागेपर्यंत वाकला. नख झाकणाशेजारी धरलं, मग पत्र्याशेजारी. मग सुलतानबीला बोलावलं. तिनं एकदाच बघितलं आणि हळू आवाजात सांगितलं, की वेगळा आहे.

तो शिव्या देईल असं मला वाटलं होतं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. कापडाला टर्पेंटाइन लावून तो मागच्या दाराखाली बसला आणि आपलं नाव पुसायला लागला. पुसता पुसता म्हणाला, "डोळ्यावर माझा भरवसा न्हवता, गुरुजी. म्हणून तुमाला इचारलं. हे नाव म्या तुमच्या शब्दावर लिहिलं व्हतं."



नाव पुसून झाल्यावर त्यानं माझ्या हातातलं झाकण काढून घेतलं, वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि सुलतानबीकडे दिलं. शुक्रवारच्या पिशवीत ठेव, म्हणाला. मग मला म्हणाला, "डोळ्याची पट्टी सुटली की पयलं हेच बघायचं. मंग गाडी आणा, डावं अंग परत मारतो." टाकीच्या उघड्या खाचेवर धम्मप्रियेनं नमुन्याचा ब्लाऊजपीस चिकटपट्टीनं लावला आणि आम्ही लातूरला निघालो.