सैंधवाची चिमूट

ऐंशी सालानंतरची ही गोष्ट. मांडवीतल्या आमच्या देवळाच्या सात पायऱ्या चढताना माझी पत्नी दोनदा थांबू लागली, तेव्हा मी तिला डॉक्टरांकडे नेले. त्यांनी छातीला नळी लावून पुष्कळ वेळ ऐकले आणि मग ती माझ्या कानांत दिली. प्रत्येक ठोक्यामागून, लाट ओसरताना वाळूत होतो तसा लांबट सुस्कारा येत होता.

"गुरुजी, हृदयातली एक झडप नीट मिटत नाही. पुढे गेलेलं रक्त थोडं मागे फिरतं. वहिनी, लहानपणी सांधे सुजून ताप आला होता?"

आला होता.

मुंबईला दाखवून आलो. शस्त्रक्रिया तिला सोसणार नाही, असे तिथे सांगितले. उरले ते पथ्य: लघवीच्या गोळ्या, मोजके पाणी आणि मीठ बंद.

पहिल्या दिवशी ती हसली. "नैवेद्याच्या पानात मीठ वाढत नाहीत, आता माझ्याही नाही. बढतीच झाली म्हणायची!"

आठवड्याभरात मात्र घास तिच्या तोंडात नुसता फिरू लागला. मला ते पाहवेना. सैंधव उपवासाला चालते. सर्व लवणांत ते हितकर, असे मी पाठशाळेत शिकलो होतो. डॉक्टरांनी वर्ज्य केले ते समुद्राचे मीठ, अशी मी मनाची समजूत घातली आणि तिच्या पेजेत स्वहस्ते चिमूटभर सैंधव घालू लागलो. ती दोन वाट्या पेज घेऊ लागली. मी देवापुढे कृतज्ञतेने हात जोडले.

पंधरा दिवसांत तिच्या पायावर बोट दाबले की खळगा राहू लागला. टेकून बसल्यावाचून श्वास पुरेना. डॉक्टर घरी आले. गोळ्या वेळेवर घेतल्या जात होत्या. खाण्याचे विचारले, तेव्हा मी काहीशा अभिमानानेच सैंधवाचे नाव घेतले.

"गुरुजी," ते हळूच म्हणाले, "तेही मीठच."

गोळ्या वाढल्या. सूज थोडी उतरली. गेलेली शक्ती परतली नाही.

"हे माझ्या हातून झालं," मी तिला म्हणालो.

"अहो, पंधरा दिवस चवीनं जेवले. तेवढं तरी परत घेऊ नका."

त्या दिवसापासून मीही अळणी जेवू लागलो. ती रागावे. "तुम्ही अळणी जेवल्यानं माझी झडप मिटणार आहे होय?"

मिटणार नव्हती, हे मी जाणत होतो. तरी तिच्यासमोर पाट मांडून मी ती पेज पीत असे, आणि ती धाप सावरीत माझ्याकडे पाहत असे.