एका ओढीत सुटणारी गाठ

रविवारच्या पुरवणीत अधूनमधून एक लेख येतो, धावपळीच्या कुटुंबांसाठी घर चकाचक ठेवण्याच्या सोप्या युक्त्यांचा. लिहिणाऱ्या बाईंकडे नळाला रोज पाणी येत असणार आणि त्यांना सासू नसणार, हे मी पैज लावून सांगते. झोपण्याआधी फक्त दहा मिनिटं आवराआवर करा म्हणे! त्या दहा मिनिटांत मी मटकी भिजत घालते, मुलांचे मोजे शोधते आणि नवऱ्यावर चिडते. एवढं उरकायलासुद्धा दहा मिनिटं पुरत नाहीत.

म्हणून मी पुरवणी वाचत नाही, तिचा बोळा ओला करून खिडकीच्या काचा पुसते. हे मला बानाबाईंनी शिकवलं.

बानाबाई पडेगावहून येतात, दोन रिक्षा बदलून. गारखेड्यात त्यांची चार घरं आहेत, त्यात तिसरं आमचं. वय पन्नाशीच्या पुढं, अंगानं काटक, लुगडं घोट्याच्या वर खोचलेलं. नवरा सूर्यभान अजून तीसेक मेंढरं राखतो. बानाबाईंचं अर्धं आयुष्य त्या मेंढरांमागं चालण्यात गेलं. आज या वावरात मुक्काम, परवा त्या वावरात. संसार घोड्याच्या पाठीवर. मुलगा शहरात कामाला लागला, तेव्हा त्यांनी घोडा सोडला आणि झाडू धरला.

पहिल्याच दिवशी त्यांनी आमच्या हॉलच्या मधोमध उभं राहून चारी भिंती न्याहाळल्या आणि विचारलं, "ताई, पाव्हणा आला की कुठं बसतो?"

मी कोपऱ्यातली खुर्ची दाखवली. त्या खुर्चीत ऐसपैस बसल्या, मान इकडून तिकडं फिरवली आणि म्हणाल्या, "इथून पंखा दिसतो, टीव्हीची फळी दिसती, मोरीचं दार दिसतं. रोज एवढंच पुसायचं. बाकीचं आइतवारी."

माझा त्यांच्यावर जीव जडला तो तिथंच.

त्यांच्या कामाला डोकं होतं. पंख्याच्या पात्यावर जुना अभ्रा पिशवीसारखा चढवून ओढायच्या, धूळ सगळी आत. मशिनचं शेवटचं पाणी बादलीत धरून त्याच पाण्यानं फरशी. नळाची तोटी घासल्याशिवाय मोरीतून बाहेर यायच्या नाहीत. "तोटी चमकली की बघणाऱ्याला सगळी मोरी घासल्यावानी वाटती," असं त्यांचं म्हणणं. आणि दाराच्या आत फिनेलचं एक टोपण शिंपडायचं, म्हणजे पाहुण्याच्या नाकाचा आधीच निकाल लागतो.

पण त्यांची खरी विद्या होती गाठोड्याची. अचानक कुणी येतंय म्हटलं की बानाबाई जुनी साडी जमिनीवर पसरायच्या. खोलीतलं जे काही जागेवर नाही, ते त्यावर जायचं. वह्या, चार्जर, अर्धवट घड्या, खेळण्यातली जेसीबी. मग चारी टोकं वर घेऊन एक गाठ. गाठोडं दिवाणाखाली, दिवाणाची चादर खाली सोडलेली. एका खोलीला मोजून तीन मिनिटं.

"आमचं घरच उठायचं पाच मिन्टात," त्या सांगायच्या. "वावरवाला वरडला का निघा. भांडी, कोंबड्या, लेकरं, समदं बांधून घोड्यावर. ही तर तुमची येक खोली."

ती गाठही त्यांच्याच लोकांची. कितीही गच्च बसली तरी एक टोक ओढलं की सगळं एकदम मोकळं. मी वर्षभर शिकले, मला आली नाही. माझी गाठ एकतर आपोआप सुटते नाहीतर कात्री मागते.

आता मुद्द्यावर येते. माझ्या सासूबाई आवडाबाई, मी त्यांना आत्याबाई म्हणते, सिल्लोडजवळच्या गावी राहतात. घरच्या देवांपुढं नवरात्राचा घट त्याच बसवत आल्या. यंदा गुडघ्यांनी दगा दिला, म्हणून घट गावाहून हलणार होता. आता तो आमच्याकडं यायचा की धाकट्या जावेकडं, जालन्याला? जाऊ लक्ष्मी घरीच असते, तिच्या ओट्यावर आरशासारखं तोंड दिसतं. मी कॉलेजच्या ऑफिसात सकाळी दहाला सही करते. लग्नाच्या तिसऱ्या वर्षी आत्याबाई चार बायकांत म्हणाल्या होत्या, "नोकरीवालीच्या घरी देव उपाशी ऱ्हायचे." ते वाक्य मी बारा वर्षं गिळून बसले आहे. मला तो घट हवा होता. भक्ती किती आणि खुन्नस किती, हे देवीनंच ठरवावं, पण हवा होता.

आत्याबाईंनी फोनवर निरोप दिला, "अमावशेला येते. दसरा कसा काढलाय ते बघते, मंग ठरवते."

दसरा काढायचा म्हणजे घट बसायच्या आधी घर मुळासकट धुवायचं. गोधड्या, पडदे, डबे, जाळीजळमटं, काही सोडायचं नाही. आमच्याकडे रविवारी पाणी येणार होतं, तेव्हा मी आणि बानाबाईंनी पदर खोचून ठेवले. रविवारी जलवाहिनी फुटली. सोमवारी दुरुस्ती. मंगळवारी नळानं नुसती हवा सोडली. गोधड्या कोरड्याच, पडदे तसेच, आणि दसरा काढायचा म्हणून कपाटांतून बाहेर काढलेलं सगळं सामान चारी खोल्यांत अस्ताव्यस्त. अमावस्या शुक्रवारी होती. पाणी गुरुवारी नक्की, असं सगळी गल्ली म्हणत होती.

आत्याबाई बुधवारी आल्या.

दुपारी नवऱ्याचा, बद्रीनाथचा, वाळूजहून फोन. "आई सिडको स्टँडवर उतरलीय. गावातल्या कुणाची तरी गाडी मिळाली म्हणे. रिक्षात बसली. वीस मिनिटं!"

मी नेमकी रजेवर होते. बानाबाई मोरीत होत्या. मी मटकन खाली बसले आणि म्हणाले, "गेला घट जालन्याला."

"उठा," बानाबाई म्हणाल्या. "तुमच्या जुन्या साड्या काढा. समद्या."

पुढची वीस मिनिटं मला धड आठवत नाहीत. पाच साड्या पसरल्या, पाच गाठोडी बांधली. मुलांच्या खोलीचं एक, स्वयंपाकघराचं एक, कपाटातल्या कपड्यांची दोन, आणि पाचव्यात काय गेलं ते आम्हा दोघींनाही माहीत नाही. सगळी दिवाणाखाली गेली. अभ्रा पंख्यावरून फिरला, तोटी चमकली, फरशीवरून ओलं फडकं फिरलं. मी फिनेलचं टोपण शिंपडलं आणि रिक्षा थांबली.

आत्याबाई पायऱ्या एकेक करत वर आल्या. काखेत गाठोडं. दारातच त्यांनी एक मोठा श्वास घेतला. फिनेल! मी मनात बानाबाईंना नमस्कार केला. आत्याबाईंनी गाठोडं चपलांपासून हातभर लांब, दारालगत टेकवलं आणि पाय धुवायला मोरीत गेल्या. मी मागोमाग टॉवेल घेऊन.

बाहेर येऊन त्या थेट कोपऱ्यातल्या खुर्चीत बसल्या. पंखा पाहिला. टीव्हीची फळी पाहिली. मोरीच्या दाराकडं मान वळवली.

"तोटी चांगली घासलीस," त्या म्हणाल्या.

दारामागं उभ्या बानाबाईंनी माझ्याकडं बघून एक भुवई उडवली. मला हसू दाबवेना, म्हणून मी चहाचं विचारलं.

"च्या नंतर," आत्याबाई म्हणाल्या. "आदी माझं गाठोडं दे."

मी दाराशी गेले. तिथं चपला होत्या, गाठोडं नव्हतं. बानाबाईंकडं पाहिलं, तर त्यांचा चेहरा उतरत चालला होता.

"ताई," त्या माझ्या कानाशी लागल्या, "येक ऱ्हायलंय वाटून मी ढकललं आत."

ते कळायला मला एवढा वेळ का लागला, देव जाणे. आत्याबाईंचं गाठोडं बांधलं होतं माझ्याच जुन्या साडीत. गोधडीला होईल म्हणून मीच तीन वर्षांपूर्वी ती गावी पाठवली होती. म्हणजे दिवाणाखाली आता माझ्या साड्यांची सहा गाठोडी होती.

"गाठ चाचपून बघा ना," मी कुजबुजले. "तुमची गाठ तुम्हाला कळेल."

"गाठ बघूनच तर ढकललं!" त्या रडवेल्या झाल्या. "त्याला माझीच गाठ हाय!"

"काय कुजबुज चाललीय?" आत्याबाईंचा आवाज आला. "कुठंय गाठोडं?"

मी म्हणू शकले असते, आत ठेवलंय, चहा घ्या, मग देते. तेच म्हणायला तोंड उघडलं होतं. पण बानाबाई पुढं झाल्या, दिवाणाची चादर वर केली आणि पहिलं गाठोडं हॉलच्या मधोमध ओढलं.

"म्हाताऱ्या आई, माझी चूक हाय. ताईला बोलू नका," असं म्हणून त्यांनी टोक ओढलं.

कुकरची शिट्टी, चार झाकणं, लाटणं, आणि मी गेल्या उन्हाळ्यापासून शोधत असलेलं किसणं. दुसरं उघडलं. त्यातून माझे कपडे, आणि वर नवऱ्याची बनियन. तिसऱ्यातून जेसीबी गडगडत निघाली आणि आत्याबाईंच्या पायाशी जाऊन थांबली. चौथं नवऱ्याच्या शर्टांचं. पाचव्यातून पुरवण्यांचा गठ्ठा बाहेर पडला, सर्वांत वर 'स्वच्छ घर, प्रसन्न मन'. बारा वर्षांची माझी इज्जत हॉलभर पसरली होती. लक्ष्मीच्या ओट्यावर आता देवीचं तोंड दिसणार, हे मी डोळ्यांपुढं पाहून घेतलं.

सहावं गाठोडं. टोक ओढताच ते एकदम मोकळं झालं आणि नुकत्याच पुसलेल्या फरशीवर काळीभोर माती सांडली. मातीत लाल फडक्याची पुरचुंडी. पुरचुंडीतून डोकावणारे देवांचे चांदीचे टाक. बाजूला औषधांचा डबा आणि लुगडी. मी मोजली, नऊ.

बानाबाईंनी झटकन हात मागं घेतले. "आई गं! देव व्हते त्यात. मी पायानं ढकललं." त्या माझ्याकडं वळल्या. "ताई, मी उद्यापासून येत नाय."

मी मात्र लुगड्यांकडंच बघत होते. नुसतं घर बघायला आलेली बाई नऊ लुगडी कशाला आणेल?

"आत्याबाई," मी विचारलं, "तुम्ही तर बघून ठरवणार होता."

"लक्ष्मीला मी आठ दिसांमागंच कळवलंय, घट थोरलीकडं म्हणून," त्या शांतपणे म्हणाल्या. "तुला सांगितलं आस्तं तर दसरा काढला आस्तास व्हय?"

मला राग यायला हवा होता. मला रडू आलं, आणि हसूही. आत्याबाईंनी मला तसंच राहू दिलं आणि बानाबाईंकडं मोर्चा वळवला.

"ही गाठ तुला कुणी शिकवली?"

"आयनं. आमची धनगराची गाठ हाय."

"मलाबी तुमच्याच बायांनी शिकवली," आत्याबाई म्हणाल्या. "दर साली मेंढरं बसायची आमच्या वावरात, खतासाठी. मी नवी नवरी. माझी सासू लई खाष्ट. ती दारात दिसली की मी समदा पसारा लुगड्यात बांधून कणगीमागं टाकायची. बत्तीस वर्षं टाकला. तिला मरंपर्यंत कळलं नाय." आणि त्या खुर्चीत हलून हलून हसल्या.

म्हणजे देवांपुढं बत्तीस वर्षं मिरवलेल्या स्वच्छतेचं मूळ कणगीमागं होतं. हे मी लक्ष्मीला कधी आणि कसं सांगायचं, याचा विचार तेव्हाच सुरू केला.

बानाबाई हसल्या नाहीत. सवयीनं हात केरसुणीकडं गेला, तसं आत्याबाईंनी मनगट धरलं.

"केरसुणी नको. घटाची माती हाय ती. हातानं भर."

"माझा पाय लागलाय देवाला."

"तुमच्या मेंढरांचे तर चार-चार पाय लागलेत ह्या मातीला. बत्तीस वर्षं. त्याच्याबगर का काळी झाली ती?" आत्याबाईंनी पुरचुंडी उचलून कपाळाला लावली. "भर. आन शनिवारी घटाखाली पत्रावळीवर मातीबी तूच पसरायची. वेळंवर ये."

बानाबाई खाली बसल्या. गारखेड्यातल्या चार घरांचे देव्हारे त्यांनी वर्षानुवर्षं बाहेरून पुसले होते, घटाच्या मातीला कुणी हात लावू दिला नव्हता. फरशीवरचा कण न् कण त्यांनी तळव्यानं गोळा केला, साडीत भरला आणि चारी टोकं वर घेऊन गाठ मारली. तीन मिनिटांत खोली आवरणाऱ्या बाईला त्या दोन ओंजळी मातीला पाव तास लागला. मग मातीनं भरलेले हात तसेच धरून त्या फडकं शोधू लागल्या.

फडकं कुठल्या गाठोड्यातून कुठं पडलं होतं, कुणाला माहीत. मी शोधायला उठले, तेवढ्यात आत्याबाईंनी आपला पदर त्यांच्यापुढं केला आणि म्हणाल्या, "ह्याला पूस."