बँड का फुटला?

फोनवरच्या एका ग्रुपवर काल कुणीतरी विचारलं, "आपला बँड का फुटला?" एका जुन्या इंग्रजी रॉक बँडच्या चाहत्यांचा हा ग्रुप. असले प्रश्न तिथे रोजच पडतात. मला मात्र एकदम खाचरातल्या चिखलाचा वास आला.

लोधिवलीला आमची भाताची लावणी चालली होती. मी आणि चुलतभाऊ दिनेश, दोघंही तेव्हा कॉलेजात. वाकून रोपं लावता लावता आम्ही एकमेकांना त्या बँडबद्दल प्रश्न घालायचो. पहिला ड्रमर कोण, अमकं गाणं कुणी लिहिलं. ज्याचं उत्तर चुकेल त्याने एक मूठ रोपं दुसऱ्याच्या वाट्याच्या पातीत, त्याच्या ओळीत लावायची.

बँड का फुटला, यावर आमची जुंपली. दिनेश म्हणे, गिटारवाल्याचा अहंकार. मी म्हणे, मॅनेजरने लावालावी केली. शेजारच्या पातीत दिनेशची आई होती. काकी कंबर सरळ करत म्हणाली, "येवढी वर्सं एकत्र वाजवलंनी ना रं? मंग एकानं दुसऱ्याच्या घरी जाऊन इचारलं का नाय?"

आम्ही खूप हसलो. तिचं उत्तर चूक धरलं आणि एक मूठ तिच्या अंगावर टाकली. तिने ती लावलीही.

पुढे वाटण्या झाल्या. बांधावरून माझं आणि दिनेशचं बोलणं तुटलं, त्यालाही आता बरीच वर्षं झाली.

काल ग्रुपवर पहिलं उत्तर त्याचंच आलं, "गिटारवाल्याचा अहंकार." मी खाली लिहिलं, "चूक. मॅनेजर."

त्याचं घर आमच्यापासून चार घरांवर आहे.