नानामामांनी अडवलेला टेम्पो

मामीचा फोन आला तेव्हा मी नानामामांनाच फोन लावण्याच्या बेतात होते. समोर परदेशातल्या एका नव्या ऑर्डरचे कागद होते, आणि माल कस्टमच्या कुठल्या वर्गात जातो तो रकाना मी नेहमीप्रमाणे मोकळा सोडला होता. त्या वर्गाचा आकडा मामांनी सांगायचा आणि मी लिहायचा, असा आमचा शिरस्ता. मामी म्हणाली, "अगं, चहा घेतला, पेपर मागितला आणि..." ऐंशी ओलांडलेला माणूस, कुणाला एक दिवस त्रास न देता गेला. तक्रार करायला जागा नव्हती. पण खरं सांगते, रडतारडता माझं लक्ष त्या रकान्याकडे जात होतं. आता हे कुणाला विचारायचं?

नानामामा आईचे धाकटे भाऊ. उभी नोकरी मुंबईत, कस्टमचे कागद करणाऱ्या एका पेढीत. निवृत्त होऊन नगर जिल्ह्यातल्या बेलापूरला आले, पण दिसेल ती वस्तू वर्गात बसवायची सवय काही सुटली नाही. लग्नात अत्तरदाणी पुढे आली तरी 'ही काचेत धरायची की चांदीत?' असं शेजारच्याला विचारायचे. आम्ही भाचरं त्यांच्याशेजारी जेवायला बसणं टाळायचो.

माझा छापखाना नगरच्या एमआयडीसीत. बँकांची चेकबुकं छापणं हा मुख्य धंदा. पहिली परदेशी ऑर्डर आफ्रिकेतल्या एका बँकेची होती. टेम्पोला हार घातला, नारळ फोडला, मामांच्या हातात पेढा ठेवला. त्यांनी तो तसाच धरून कागद मागितले. मी चेकबुकांपुढे 'छापील साहित्य' असं लिहून त्यांना कॅलेंडरांच्या वर्गात बसवलं होतं.

"टेम्पो थांबव," मामा म्हणाले.

आमचा ड्रायव्हर भागवत पाथर्डीकडचा. तो कावराबावरा झाला. "नारळ फुटल्याव गाडी मागं घेत न्हाईत, बाई. लई वंगाळ दिसतं."

"मग उद्या दुसरा फोडू," मामा शांतपणे म्हणाले.

सगळ्या कामगारांसमोर! मला असा संताप आला... "मामा, कागदावर छापलंय म्हणजे छापीलच ना?"

"कॅलेंडरावर सही केलीस तर कुणी पैसे देईल? कोऱ्या चेकवर सही झाली की त्याचे पैसे होतात. म्हणून तो नोटांच्या आणि न वापरलेल्या टपाल तिकिटांच्या वर्गात. तिकिटांचंही तसंच. माल जातो तिथलं टपालखातं ते तिकीट आज पत्रावर चालवून घेत असेल तर याच वर्गात, चलनातून गेलं असेल तर संग्राहकांच्या मालात. नुसत्या कागदाकडे बघू नकोस. तो तिथं जाऊन काय करणार, ते विचार."

कागद बदलून टेम्पो दुसऱ्या दिवशी गेला. बंदरावर कुणी हूं की चूं केलं नाही. तेव्हापासून मी इतकी निर्धास्त झाले की स्वतः डोकं चालवणंच सोडून दिलं. मामा वैतागायचे, "मी काय अमरपट्टा घेऊन आलोय?" आणि वैतागूनही आकडा सांगायचे. त्यांनाही ते आवडत असणार!

तेरावा झाल्यावर मी ती ऑर्डर पुन्हा उघडली. एका बेटावरच्या देशासाठी तिकिटं छापायची होती. न वापरलेली तिकिटं, म्हणजे चेकबुकांचाच वर्ग, असं समजून आकडा लिहूनही टाकला. मग हात थबकला. गिऱ्हाइकाला विचारलं, तुमचं टपालखातं ही पत्रावर चालवून घेईल का? उत्तर आलं, छे, या जुन्या तिकिटांच्या नकला, पर्यटकांना आठवण म्हणून वाटायच्या. म्हणजे ही खरोखरच नुसती छपाई होती! मी आकडा खोडला आणि इतर छापील मालाचा लिहिला. माल परवा बंदरातून सुटला, एकही शंका न निघता.

ते कळल्यावर मामीला फोन लावला आणि बोलताबोलता घळाघळा रडले.

"चुकलं का काही?" तिनं विचारलं.

"नाही गं. बरोबर आलं."

 मामी म्हणाली, "इतकी वर्षं आलीस की कागद उघडून बसायचीस. ताटातलं गार व्हायचं तुम्हा दोघांचं. आता नुसती जेवायला ये."

रविवारी बेलापूरला गेले. मामीनं गरम पोळी वाढली आणि मी ती गरम असतानाच खाल्ली.