मुऱ्हाळी जाऊबाई

पुतण्याचा फोन आला तेव्हा मी नागपुरात लेकाकडे मेथी निवडत बसले होते. "काकू, आई गेली. सकाळी चहा घेतला, कुडाला टेकून बसली, आन तशीच..." मी म्हटलं, "दुपारच्या आत पोचते." लेक म्हणाला, आई, थांब, सुट्टी टाकतो, गाडी करतो. मी म्हटलं, तू टाक सुट्टी आणि ये मागून, मी निघाले. पिशवीत एक पातळ कोंबलं, ट्रंकेतून आणखी एक वस्तू काढून घेतली आणि स्टेशन गाठलं. तिरोड्याला उतरेपर्यंत डोळ्यांतून पाणी आलं नाही. खरं सांगायचं तर गाडीत एकदोनदा हसूच आलं. समोरच्या बाकावरच्या मुलीला वाटलं असेल, म्हातारीचं काही खरं नाही.

गेल्या त्या माझ्या थोरल्या जाऊबाई. घरात आणि गावात सगळे त्यांना नुसतं 'बाई' म्हणत. आम्हा दोघी जावांचं पटतं, यावर आमच्या भागात कोणाचा विश्वास बसत नसे. जावा-जावा आणि उभा दावा, असंच सगळ्यांना ठाऊक. आमचंही भांडण व्हायचं, नाही असं नाही. पण भांडून झालं की बाई चुन्याची डबी पुढे करायची आणि म्हणायची, "घे, तोंड कडू झालं असन."

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली असतील, तेव्हा मी लग्न होऊन त्या घरात आले. तिरोड्यापासून कोसभरावरचं गाव, धानाची शेती, सासू-सासरे, दोन भाऊ. तेव्हा आम्ही भंडारा जिल्ह्यातले. बाईचं माहेर नवेगावच्या बांधापल्याड, डोंगराच्या पायथ्याशी दहा-बारा घरांचं गाव. आमच्याकडे मोठ्या तलावाला बांध म्हणायची रीत आहे. तिरोड्याहून मोठ्या गाडीने गोंदिया, तिथून चांद्याकडे, म्हणजे आताच्या चंद्रपूरकडे, जाणाऱ्या अरुंद रुळांच्या छोट्या गाडीने देवलगाव, आणि मग पायी बांधाच्या काठाकाठाने. निघायचं तर एक दिवस मोडायचा. पण निघणार कसं? आमच्या भागात सासरवाशीण आपली आपण माहेरी जात नसे. तिला घ्यायला माहेराहून मुऱ्हाळी यावा लागे, म्हणजे भाऊ, नाहीतर चुलतभाऊ, निदान मामा. बाईचा एकच भाऊ होता. तो तापाने गेला. वडील आधीच गेलेले. घरी राहिली एकटी आई. मी आले तेव्हा बाईला माहेर बघून तीन वर्षं उलटली होती.

सासूबाई वाईट नव्हत्या, हे आधी सांगते. दोन्ही सुनांना ताटात सारखं वाढायच्या. पण दिवाळी सरली, गावातल्या सुना एकेक करून निघाल्या आणि बाईने विषय काढला, तेव्हा त्या म्हणाल्या, "मुऱ्हाळी नाही तं तुले कशी धाडू वं? गाठोडं घेऊन एकटी दिसली का लोक म्हनतील, सासरच्यानं हाकलली. माहं तोंड कुठं लपवू मी?" यात खोटं काही नव्हतं. त्या काळी गाडीत गाठोडं घेतलेली एकटी तरणी बाई दिसली की टाकलेलीच, असाच हिशेब. नवऱ्याने न्यावं, तर जावयाने बोलावण्याशिवाय सासुरवाडीची पायरी चढू नये. म्हणजे सगळ्या वाटा बंद. चार दिवस बाईचं भाकरीवर लक्ष नव्हतं. पाचव्या दिवशी भांडी घासता घासता मला म्हणाली, "माय माही म्हतारी होऊन राहिली. भाऊ मेला म्हनून का माहेरबी मेलं माहं?" मी सतरा वर्षांची. पण तो प्रश्न माझ्या मनातून हलेना. मलाही एकच भाऊ होता.

दोन दिवसांनी सकाळी भासरे, म्हणजे माझे थोरले दीर, तिरोड्याच्या गिरणीवर धान न्यायला बैलबंडी जुंपून निघाले. पोत्यांच्या मागे बाई गाठोडं घेऊन बसली. मी अंगण सारवत होते, सगळं बघितलं. भासऱ्यांनीही बघितलं असणार, बैलांना कळतं मागे वजन वाढलेलं. पण त्यांनी मान वळवली नाही. नंतर सासूबाईंनी धारेवर धरलं तेव्हा म्हणाले, "म्या समोर पाहून राहिलो होतो." आमच्यात भासऱ्यांशी धाकट्या भावाची बायको बोलत नाही, डोक्यावरचा पदर पुढे ओढून बाजूला होते. नाहीतर मी त्या दिवशी त्यांना शाबासकी दिली असती.

पुढचं बाईच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की मीच गाडीत होते असं वाटतं. गोंदियाला ती तिकिटाच्या खिडकीशी गेली आणि म्हणाली, "बांधाचं द्या जी." आतला बाबू म्हणाला, "बांध नाम का कोई टेसन नहीं है, बाई." बाईला स्टेशनचं नाव ठाऊकच नव्हतं. आजवर भावाने तिकीट काढलं, भावाने उतरवलं. मग तिने बाबूला वर्णन सांगितलं... आधी जंगल लागतं, मग सात डोंगर दिसतात, गाडी थांबली की मासळीच्या टोपल्या चढतात. रांगेतला मागचा माणूस हसत म्हणाला, "देवलगाव दे दो बाबूजी, इनका मायका उधर है." छोट्या गाडीत बाकाला बाक लागून. हिरडामाली स्टेशनच्या आधीच शेजारणीने विचारलं, "कोनी नाही का वं संग?" बाईने सांगितलं, भाऊ पुढच्या डब्यात आहे. सौंदडला दुसरीने विचारलं, तिला सांगितलं, दीर पाणी आणायला उतरलाय. तिसरी भेटेपर्यंत बाईला खोटं बोलायचा कंटाळा आला. "मी एकटीच जाऊन राहिली. माह्या गावाले," ती म्हणाली. त्या तिसरीने आपल्या पदरातले शिंगाडे बाईच्या ओंजळीत ओतले.

बांधाच्या काठाने चालत ती गावात शिरली तेव्हा ऊन कलत आलं होतं. आई दारात सूप घेऊन पाखडत होती. तिने बघितलं... लेक, एकटी, हातात गाठोडं. तिने सूप टाकून दिलं आणि जो गळा काढला! "अवं माय, टाकली वं माह्या पोरीले!" आजूबाजूच्या बाया धावल्या, त्याही रडायला लागल्या. बाई ओरडून सांगतेय, "अवं, मी पाहुनी आली! कोनी नाही टाकली मले!" पण टाकलेली पोर असंच म्हणणार, सासरची अब्रू झाकणार, हे सगळ्यांना पाठ. जितकं ती हसून सांगे तितकं रडणं वाढे. शेवटी दमून तीही रडली. इतक्या वर्षांनी आईच्या गळ्यात पडली होती, रडायला निमित्त लागतं थोडंच?

आठ दिवस तिने मजेत काढले. परतीच्या दिवशी बघते तर गावचे चार म्हातारे धुवट धोतरं नेसून, डोक्याला पागोटी बांधून दारात उभे. पोरीला सासरी पदरात घ्यायला लावतो, पाया पडतो, म्हणाले. बाईने हात जोडले, पण ते ऐकेनात. असे बाईसकट पाचजण छोट्या गाडीने, मग मोठ्या गाडीने आमच्या अंगणात उतरले. सगळ्यात थोरल्या म्हाताऱ्याने पागोटं काढून सासऱ्यांच्या, म्हणजे मामाजींच्या, पायाशी ठेवलं. "पोरीचं चुकलं असन तं माफी करा जी. बिनबापाची, बिनभावाची आहे. पदरात घ्या."

मामाजी बाजेवरून ताडकन उठले. आठ दिवस त्यांच्या पोटात राग होता आणि आल्यावर काय काय बोलायचं ते त्यांनी ठरवून ठेवलं होतं. मी ऐकलं होतं, ते गोठ्यात बैलांना बोलून दाखवत होते. पण पायाशी पागोटं, चार पांढऱ्या मिशा हात जोडून, आणि भिंतीवरून शेजारपाजार डोकावतंय. आता रागावले असते तर खरोखरच सून टाकली होती असं झालं असतं. त्यांनी पागोटं उचलून म्हाताऱ्याच्या डोक्यावर ठेवलं. "कोन टाकली म्हनते? माह्या घरची लक्ष्मी होय ते! घ्यायले कोनी नव्हतं म्हनून आमीच धाडली. हरसाली धाडू!" सासूबाई दाराआड माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्यांनी कपाळाला हात लावला आणि मग हळूच मला म्हणाल्या, "तांदूर जास्तीचे टाक. पाहुने जेवतीन." बाई खाली मान घालून उभी होती. पदराआड ती हसत होती, हे फक्त मला दिसलं.

मामाजींनी भर अंगणात शब्द दिला, तो त्यांना मोडता आला नाही. बाई दर कार्तिकात एकटी जाऊ लागली. आणि दोन वर्षांनी माझी वेळ आली. माझं माहेर अर्जुनीकडचं, त्याच छोट्या गाडीवरचं. भाऊ पाय मोडून पडला होता आणि दिवाळी सरत आली होती. मी न्हाणीघरात रडून घेतलं. बाईने ते ओळखलं आणि सासूबाईंसमोर जाऊन उभी राहिली, "हिची मुऱ्हाळी मी होतो."

"बाईमानूस कुठं मुऱ्हाळी असते का वं?"

"मुऱ्हाळी का करते, सांगा मले. संग जाते, गाठोडं धरते, पोरीले मायच्या दारात सोडते. यातलं मले काऊन येनार नाही?"

सासूबाई म्हणाल्या, "गाठोडं तरी चांगल्या फडक्यात बांधा."

वाटेत बाईने मला देवलगावला उतरवलं, एक दिवस तिच्या आईकडे मुक्काम. बांध मी पहिल्यांदा पाहिला. इतकं पाणी एका जागी असतं, हे मला माहीत नव्हतं. पलीकडचे डोंगर पाण्यात उलटे, मधेच एखादा वल्हवत नेलेला डोंगा, आणि काठच्या उथळ पाण्यात देवधान, म्हणजे कोणी न पेरता आपोआप उगवणारं धान. उपासाला चालतं ते. पिकलं की दाणे पाण्यात झडतात, म्हणून आधीच त्याच्या झुंबड्या, म्हणजे जुड्या, बांधून ठेवतात. ज्याने बांधली त्याची झुंबडी, दुसरा हात लावत नाही. बाई गुडघाभर पाण्यात उतरून आईच्या झुंबड्या कापत होती आणि मोठ्याने गात होती. आमच्या घरी मी तिला कधी गाताना ऐकलं नव्हतं. मी काठावर पाय सोडून बसले, आईने दिलेली भाजकी मासळी खाल्ली. इतकी सुखी मी पुढे फार थोड्या वेळा होते.

माझ्या माहेरी मात्र पंचाईत झाली. मुऱ्हाळ्याला टॉवेल-टोपी देऊन मान करायची रीत. बाबा टोपी हातात घेऊन घुटमळत राहिले. बाईने ती घेतली, पदरावरून डोक्यावर चढवली आणि म्हणाली, "आता वाढा." माझा भाऊ मोडका पाय धरून हसला.

मग गावात बोलबाला झाला. जिला भाऊ नाही, जिचा भाऊ लांब कामाला, जिच्या भावाचं भावजयीपुढे चालत नाही, अशा सुना बाईकडे येऊ लागल्या. कमला, सुभद्रा, कुंभाराची राधा... दिवाळी ते संक्रांत बाईचं घरात लक्ष म्हणून नसे. सासूबाई कुरकुरत, पण कोणाच्या सुनेला न्यायला कोणी आलं नाही की त्याच लोकांना सांगत, "आमच्या थोरलीले विचारा." सात-आठ वर्षांत बाईने किमान दहा-अकरा जणींना आईच्या दारात सोडलं असेल. आणि दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला प्रत्येकीला तेच सांगायची, "आता वाट पाह्यली ना? मंग पुढच्या बारीले तिकीट तूच काढजो."

त्या दिवशी मी नागपूरहून पोचले तेव्हा अंगण भरलं होतं. बाईला न्हाऊ घालून ओसरीवर ठेवलं होतं. सगळं तयार होतं आणि सगळे थांबले होते. सवाष्ण बाई गेली की अंगावर शेवटचं लुगडं माहेरचं लागतं. ते आल्याशिवाय उचलत नाहीत. तिची आई जाऊन तीस वर्षं झालेली. बांधापल्याडच्या त्या घराची भिंतही उरलेली नाही. भावकीतला एकजण हळूच म्हणाला, "माहेरचं कोनी नाही तं सासरचंच टाकू, का करता?" मी पिशवीतून ट्रंकेतलं कोरं हिरवं लुगडं काढलं. वाटेत ठरवलं होतं, म्हणायचं, मी आहे तिच्या माहेरची. मी पुढे झाले तर कमला आधीच उभी, हातात लुगडं. गोंदियाहून लेकीकडून मिळेल त्या गाडीने आली होती. मागे राधा, तिच्या हातात लुगडं. सुभद्रा काठी टेकत आली, काखेत कागदाची पुडी. मागून आणखी तिघी आल्या, आम्ही सातजणी झालो. कोणी कोणाला सांगितलं नव्हतं. प्रत्येकीला वाटलं होतं, आपल्यालाच सुचलं.

पुतण्या गोंधळला. "काकू, यातलं माहेरचं कोनतं म्हनायचं?" भावकीतले एकमेकांकडे बघू लागले. भासरे खांबाला टेकून बसले होते. इतक्या वर्षांत ते माझ्याशी एक शब्द थेट बोलले नव्हते, मीही नाही. त्यांनी मान वर करून सरळ माझ्याकडे पाहिलं.

"सारेच टाका," ते म्हणाले. "माहेर लय मोठं होतं तिचं."

आम्ही एकावर एक सातही लुगडी घातली. लेक आधीच येऊन गेला होता; चौदावा उरकून परवा आम्ही आपापल्या लेकीसुनांकडे परत निघालो. तिरोड्याच्या स्टेशनवर तिकिटाच्या रांगेत सगळ्या म्हाताऱ्या, जिचं-तिचं गाठोडं जिच्या-तिच्या हातात. पोचवायला कोणीच आलं नव्हतं, आणि ते आमच्यापैकी एकीच्याही ध्यानात आलं नाही.