पंगत बसल्याशिवाय

बारकूदादा बोल्ट आधी बोटांनी फिरवत. दोन आटे सुखानं गेले की हात काढून पुढच्या बोल्टकडे वळत. पेटीचे सगळे बोल्ट असे ढिले लागेपर्यंत ते पान्याला हात लावत नसत, दुसऱ्यालाही लावू देत नसत. कुणी घाई केली की म्हणत, "थांब रं. पंगत बसली नाय आजून." पंगतीत सगळ्यांना वाढून होईपर्यंत कुणी घास उचलत नाही, तसा शेवटच्या बोल्टला भोक सापडेपर्यंत पहिला आवळायचा नाही, हा त्यांचा कायदा.

साजगावच्या एका शेडमध्ये आम्ही प्रिंटरसाठी पत्र्याच्या पेट्या जोडायचो. कारखान्यात मालावर तारीख छापणारे ते प्रिंटर. त्यांना धूळ लागू नये म्हणून पेटी. मी दहिवलीहून मोटरसायकलनं येणारा, डिप्लोमा झालेला सुपरवायझर. बारकूदादा चौक गावाकडचे, साठीला टेकलेले, एका डोळ्यात मोतीबिंदू. मला ते "सायेब" म्हणत, पण त्यात थोडी गंमत असे. जेवतानाही कायदा तोच. आम्ही सहाही जण बसेपर्यंत त्यांचा डबा उघडत नसे. मला फोनवर बोलायची खोड, त्यामुळे पाच जणांच्या भाकऱ्या गार होत.

एकदा घरच्या लग्नासाठी ते दोन दिवस आले नाहीत. चार पेट्या द्यायच्या होत्या. मी स्वतःच जोडायला बसलो आणि मोठ्या हुशारीनं एकेक कोपरा घट्ट आवळत गेलो. शेवटचं भोक काही केल्या जुळेना. दार वर घासत होतं, खाली फट राहत होती. वैतागून ड्रिल घेतलं आणि चारही पेट्यांची भोकं मोठी करून टाकली. एक पेटी त्याच दिवशी टेंपोतून गेली.

दादा परत आले तेव्हा त्यांनी उरलेल्या तीनपैकी एका पेटीला तिरकी दोरी लावली, या कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत, मग दुसरीकडून. दोन मापांत करंगळीएवढा फरक निघाला.

"भोकाला कशाला शिक्षा केलीत, सायेब? भोक बरोबर हाय. चौकटच वाकडी बसलीया."

त्यांनी सगळे बोल्ट ढिले केले, चौकट तळहातानं थोपटून सरळ केली, मोठ्या भोकांना रुंद वायसर घातले. तिन्ही पेट्यांची दारं बिनआवाज लागली. मग हळूच म्हणाले, "ती गेलेली तेवढी मागं बोलवा. मशीन थरथरंल आन् बोल्ट गळंल."

मी हो म्हणालो. बोलावली नाही. बोलावली असती तर शेठना कारण सांगावं लागलं असतं, आणि मी भित्रा होतो.

आठवड्यानं ती आपणहून परत आली. बोल्ट गळून प्रिंटरमध्ये अडकला होता आणि गिऱ्हाइकाचं काम ठप्प झालं होतं. शेठनी ते भोक पाहिलं, मग दादांच्या डोळ्याकडे पाहिलं. "दादा, आता दिसत नाही तुम्हाला. शनिवारपर्यंत या, मग घरी आराम करा." दादांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मी हातातल्या वहीत पाहत राहिलो.

शनिवारी दुपारी मी जेवायला गेलोच नाही. मशीनच्या आडोशाला उभा होतो. तिकडे वेल्डर काशिनाथ दादांना विचारत होता, "तुमी शेठला बोलत का नाय?"

"मी काय बोलू रं? भोक मी पाडलंय का? ज्यानं पाडलं त्यो बोलंल."

बराच वेळ झाला. डबे उघडल्याचा आवाज येईना. शेवटी मी पुढे झालो. पाचही जण गोल बसलेले, पाचही डबे बंद. दादांनी सरकून जागा केली.

"बसा सायेब. पंगत थांबलीया."

मी बसलो. त्यांनी डबा उघडला आणि तांदळाची अर्धी भाकरी माझ्यापुढे ठेवली. शेठची केबिन तिथून वीस पावलांवर होती, दार उघडं होतं. मी भाकरी खाल्ली. उठलो नाही.