सासूबाईंचा डबा आणि माझी सोनोग्राफी

माझं पोट रिकामं व्हायला फार वेळ लागतो, आणि घोटीच्या सासूबाईंच्या मते हे माझे नखरे आहेत. अर्धी पोळी खाल्ली की पोट गच्च! सकाळच्या वरणाचा ढेकर दिवेलागणीला येतो. (भाताचं तर विचारूच नका.) पण ताटात भात उरला की सासूबाई डोळ्याला पदर लावतात, "जावईबापूंना आमच्या घरचं गोड लागत नाय." मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

शेवटी डॉक्टरांनी तपासणी सांगितली. आधी नाश्ता, मग पोटाची सोनोग्राफी, काही तासांनी पुन्हा सोनोग्राफी. मधे काही खायचं नाही. मी खूश! सासूबाईंना दाखवायला पुरावा मिळणार होता.

पहिली सोनोग्राफी झाली. सुनंदा, म्हणजे आमची ही, औषधं आणायला गेली आणि समोरून सासूबाई हजर! हातात हा एवढा डबा.

"उपाशी ठेवलंय म्हनं तुम्हाला?"

"आई, तपासणी आहे. खायचं नाही."

"चार घासांनी काय व्हतंय? का आमच्या हातचंच नको?"

पदर डोळ्याकडे निघालाच होता. मी मुकाट्याने डबा उघडला. सासूबाईंचे चार घास म्हणजे दोन मुदी भात, आमटी आणि वर शिरा!

दुसऱ्या वेळी डॉक्टर पडद्याकडे बघतच राहिले. "काका, पोट सकाळपेक्षा जास्त भरलंय! असं कसं?"

सुनंदाने माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. सासूबाईंनी डबा पदराखाली घेतला.

पुढच्या आठवड्यात पुन्हा तपासणी. या वेळी सासूबाई रिकाम्या हाताने माझ्यावर पहाऱ्याला! कितीतरी तासांनी डॉक्टरांनी त्यांनाच पडदा दाखवला, "बघा आजी, सकाळचा नाश्ता अजून पोटातच आहे."

सासूबाई पडद्याजवळ सरकल्या. मग हळूच म्हणाल्या, "एवढा तरास व्हता, आन् मी आपली वाढतच राह्यले." त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. खरं सांगतो, मला भरून आलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच माझ्या पोटावर कुणीतरी विश्वास ठेवला होता.

"आता यांनी थोडं थोडंच खायचं," डॉक्टर म्हणाले, "पण दिवसातून सहा वेळा."

सासूबाईंनी ते नीट ऐकून घेतलं. तेव्हापासून त्या आमच्याकडेच मुक्कामाला आहेत. पूर्वी मला आग्रह दोन वेळा व्हायचा, आता डॉक्टरांच्या हुकमाने सहा वेळा होतो. आणि पुरावा हवा होता मलाच!